हॉट सॉस: कोणत्या पदार्थाला कोणती बाटली?

माझ्या फ्रिजच्या दारात एकेकाळी हॉट सॉसच्या अकरा बाटल्या होत्या. रोज हात जायचा तो त्यातल्या दोघींकडे. उरलेल्या नऊ जणी एकेक चमचा संपवून तशाच उभ्या होत्या, कारण त्या घेताना मी एकच गोष्ट बघितली होती: तिखट किती? आता मी उलट्या क्रमानं बघतो. आधी आंबटपणा, मग गोडी आणि मीठ, मग दाटपणा, मग मिरचीचा वास आणि सगळ्यात शेवटी तिखट. तिखट कमी-जास्त करणं आपल्या हातात असतं. दोन थेंब घाला नाहीतर दहा. पण बाटलीतला सॉस आंबट की गोड, पातळ की दाट, हे कारखान्यातच ठरलेलं असतं. ते पदार्थाशी जुळलं नाही तर सॉस कितीही महागाचा असो, जेवण बिघडतंच.

आकड्याच्या नादी लागण्याआधी

बाटलीवर मोठ्या अक्षरात छापलेला स्कोव्हिल आकडा कुठून येतो ते एकदा समजून घेऊ. १९१२ मध्ये विल्बर स्कोव्हिल या अमेरिकन औषधशास्त्रज्ञानं मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत नेला आणि चव घेणाऱ्यांना तिखट लागेनासं होईपर्यंत किती पट पाणी लागलं ते मोजलं. तोच तो आकडा. हल्ली माणसांच्या जिभेऐवजी यंत्रानं थेट कॅप्सेसिन, म्हणजे मिरचीतलं तिखट द्रव्य, मोजतात आणि उत्तर त्याच एककात सांगतात.

हालापेन्यो मिरची साधारण २,५०० ते ८,००० स्कोव्हिल, हाबानेरो १ लाख ते साडेतीन लाख. २०२३ मध्ये जगातली सर्वांत तिखट ठरलेली पेपर एक्स सरासरी २६ लाख ९३ हजार. मेख अशी, की बाटलीवरचा आकडा बऱ्याचदा मिरचीचा असतो, सॉसचा नसतो. टबॅस्को जातीची मिरची ३० ते ५० हजारांची, पण व्हिनेगर मिसळून तिचा जो सॉस होतो तो २,५०० ते ५,००० वर येतो. ‘हाबानेरो’ नाव वाचून घाबरण्याचं कारण नाही आणि छाती फुगवण्याचंही नाही. आत गाजर किती घातलंय त्यावर सगळं अवलंबून.

लाखांच्या घरातले आकडे मिरवणाऱ्या बऱ्याच सॉसमध्ये मिरचीचा काढलेला अर्क असतो. अशी एक बाटली मला भेट आली होती. मी शहाणपणा करून पातेलंभर राजम्याच्या रश्श्यात अर्धा चमचा घातला. तिखट तर झालंच, पण त्याला मिरचीची चवच नव्हती. कडवट, औषधी, पत्रा चाटल्यासारखं काहीतरी. त्यात आणखी दोन डबे राजमा घातला, टोमॅटो घातले, बटाटे घातले. शेवटी रस्सा दुप्पट झाला आणि खाणारं कोणी उरलं नाही. तेव्हापासून घटकांच्या यादीत ‘मिरची अर्क’, ‘कॅप्सिकम ओलिओरेझिन’ असं काही दिसलं की बाटली परत फळीवर जाते. पैजा लावायला ते ठीक असेल, जेवायला नाही.

बाटलीची मागची बाजू वाचा

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं असते. पहिल्या तीन शब्दांत बाटलीचा स्वभाव कळतो.

पहिलं नाव व्हिनेगरचं असेल तर सॉस पातळ, आंबट, झटकन लागणारा आणि झटकन ओसरणारा. पहिलं नाव मिरचीचं असेल तर जरा दाट आणि मिरचीची चव पुढे. पहिल्या तिनांत साखर असेल तर तो चिकट होणार, तव्यावर करपणार. गाजर, पपई, आंबा, अननस यांपैकी काही असेल तर गोडसर, फळाचा वास आणि बहुतेक वेळा मागून येणारं तिखट. तेल पहिलं असेल तर त्याला आंबटपणा जवळपास नाहीच, त्यामुळे तो इतरांच्या जागी चालणार नाही.

‘झँथन गम’ दिसलं म्हणून नाक मुरडू नका. पाणी वेगळं आणि गर वेगळा होऊ नये म्हणून ते चिमूटभर घालतात. मीठ मात्र बघा. एका चमच्यात टबॅस्कोमध्ये ३५ मिलिग्रॅम सोडियम, तर फ्रँक्स रेडहॉटमध्ये १९०. दिसायला दोन्ही लाल आणि पातळच. दुसरा सॉस हात सैल सोडून ओतणार असाल तर पदार्थात मीठ आधीच कमी घालायला हवं.

घराणी ओळखा

बाजारात शेकडो नावं आहेत, पण घराणी मोजकीच.

सगळ्यात उपयोगी घराणं पातळ व्हिनेगरी सॉसचं. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात एव्हरी आयलंड इथं एडमंड मॅकिलहेनी यांनी १८६८ पासून टबॅस्को विकायला सुरुवात केली. मिरची मिठात वाटून ओकच्या पिंपांत तीन वर्षांपर्यंत मुरवायची आणि मग व्हिनेगर मिसळून गाळायची. घटक तीनच. ती मुरलेली, किंचित लाकडी चव व्हिनेगरच्या मागे लपलेली असते. क्रिस्टल आणि फ्रँक्स याच घराण्यातले, पण तिखटाला सौम्य आणि अंगानं जरासे भारी. मेक्सिकोच्या चोलुला आणि व्हॅलेंटिना यांना मी चुलतभावंडं म्हणतो. त्यांच्यात व्हिनेगर दबलेलं आणि सुक्या मिरचीची चव पुढे असते. ज्यांना टबॅस्को ‘नुसता आंबट’ वाटतो त्यांनी हे घ्यावेत.

श्रीराचाचं नाव थायलंडच्या किनाऱ्यावरच्या सी राचा गावावरून आलं. तिथला मूळ सॉस पातळ आणि गोडसर. जगभर ओळखला जाणारा, कोंबड्याचं चित्र आणि हिरवं टोपण असलेला दाट प्रकार मात्र व्हिएतनाममधून निर्वासित म्हणून आलेल्या डेव्हिड ट्रॅन यांनी १९८० मध्ये लॉस एंजेलिसमध्ये सुरू केलेल्या कंपनीचा. लाल हालापेन्यो, लसूण, साखर. आंबट-गोड-तिखट सगळं एकाच बाटलीत, म्हणून नवख्याला आवडतो. आणि त्याच कारणानं सगळ्याच पदार्थांची चव एकसारखी करून टाकतो.

हाबानेरो आणि स्कॉच बॉनेट ही फळांच्या वासाची घराणी. जर्दाळूची आठवण करून देणारा असा वास दुसऱ्या कुठल्या मिरचीला मला तरी सापडलेला नाही. मेक्सिकोतल्या युकातानकडचे हाबानेरो सॉस पातळसर, तर बार्बाडोसकडचे स्कॉच बॉनेटचे सॉस मोहरी घातलेले, पिवळेधमक. यांचं तिखट लगेच कळत नाही. पहिला घास गिळून ‘काहीच नाही की’ म्हणेपर्यंत घशात उतरलेलं असतं.

मग लगद्यासारखे दाट प्रकार. कोरियाचं गोचुजांग मिरची, चिकट तांदूळ आणि आंबवलेलं सोयाबीन महिनोन्महिने मुरवून करतात. ते ओतायचं नसतं, ढवळायचं असतं. ट्युनिशियाची हरिसा म्हणजे भिजवलेल्या सुक्या मिरच्या, लसूण, धणे, शहाजिरं आणि ऑलिव्ह तेल. युनेस्कोनं २०२२ मध्ये तिला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. इंडोनेशियाचं सांबल ओलेक सगळ्यात साधं, खलात वाटलेली मिरची आणि मीठ. कुठलीही चव लादत नाही म्हणून स्वयंपाकात घालायला मला सगळ्यात सोयीचं वाटतं.

आणि चीनचं कुरकुरीत मिरची तेल. ग्वेझोऊ प्रांतातल्या लाओ गान मा या कंपनीनं ते जगभर नेलं. हा खरं तर सॉस कमी आणि वरून घालायचं चटकदार कुरकुरीत जास्त. आंबटपणा शून्य, तिखट बेताचं, तळलेल्या मिरचीचा खमंगपणा भरपूर.

पेरी-पेरी, येमेनची हिरवी झुग, टोमॅटिलो या हिरव्या टोमॅटोसारख्या आंबट फळाचे सॉस हे सगळे आपापल्या जागी उत्तम. पण सुरुवातीला एक पातळ आंबट, एक दाट गोडसर, एक फळाच्या वासाचा आणि एक तेलाचा, एवढ्या चार बाटल्या पुरतात.

घरी चव कशी घ्यायची

चमच्यात सॉस घेऊन चाटणं ही चव घेण्याची सगळ्यात वाईट पद्धत. नुसत्या सॉसमध्ये मीठ आणि आंबट इतकं अंगावर येतं की बाकी काही कळतच नाही.

१. बिनमिठाचा गरम भात किंवा उकडलेला बटाटा घ्या. एका वेळी तीनच सॉस. चौथ्यापासून जीभ खोटं बोलायला लागते.

२. पांढऱ्या ताटलीत प्रत्येकाचा एक थेंब टाका आणि ताटली तिरकी करा. जो ओघळून कडेला गेला तो पदार्थात मुरणार, जो जागचा हलला नाही तो पदार्थावर बसून राहणार. ही पाच सेकंदांची गोष्ट पुढे फार कामाला येते.

३. आधी वास घ्या. नाकात फक्त व्हिनेगर झोंबत असेल तर मिनिटभर ताटली उघडी ठेवून पुन्हा घ्या. खालचा मिरचीचा वास तेव्हा वर येतो.

४. सौम्य आधी, जहाल शेवटी. दोन थेंब घासाला लावून खा आणि तोंडात कुठे लागतं ते बघा: जिभेच्या शेंड्याला, ओठांना की घशात? आणि किती वेळ टिकतं?

५. पुढच्या सॉसआधी पाच मिनिटं थांबा. मधे दुधाचा घोट घ्या.

एवढं केल्यावर बाटलीवर पट्टी चिकटवून दोन शब्द लिहून ठेवा. माझ्या एका बाटलीवर ‘फक्त अंडी’ असं लिहिलंय आणि ती पट्टी गेली दोन वर्षं खरी ठरतेय.

आता पदार्थ

माझा हिशोब सोपा आहे: पदार्थात जे कमी आहे ते सॉसनं द्यायचं, जे आहे तेच पुन्हा घालायचं नाही.

अंड्यापासून सुरू करू. पिवळ्या बलकात स्निग्धता भरपूर, आंबटपणा अजिबात नाही. म्हणून पातळ व्हिनेगरी सॉस तिथं सगळ्यात फुलतो. अर्धकच्चा बलक फोडायचा, त्यात तीन थेंब टाकायचे आणि पावाच्या तुकड्यानं ढवळायचं. आंबट आणि स्निग्ध एकमेकांत मिसळताना रंगही केशरी होतो. पण सॉस फेटलेल्या अंड्यात घालून ऑम्लेट करू नका. तव्यावर व्हिनेगरचा तरतरीतपणा उडून जातो. अंडं कडा कुरकुरीत करून तळलेलं असेल तर मात्र व्हिनेगर बाजूला ठेवा आणि मिरची तेल घाला. खमंगावर खमंग हा वर सांगितलेल्या हिशोबाला अपवाद आहे, आणि मला तो मान्य आहे.

तळलेल्या पदार्थांना आंबट हवंच, ते तोंडातला तेलकटपणा कापतं. अडचण एवढीच की पातळ सॉसनं कवच मऊ पडतं. म्हणून एकतर बाजूला वाटीत द्यायचा, नाहीतर लोण्यात घोळून लावायचा. १९६४ साली बफेलो शहरातल्या अँकर बारमध्ये तेरेसा बेलिसिमो यांनी कोंबडीचे पंख ज्यात घोळवले असं सांगितलं जातं, तो सॉस म्हणजे दुसरं काही नाही, केयेन मिरचीचा पातळ सॉस आणि लोणी. लोण्याची स्निग्धता तिखटाची धार बोथट करते आणि सॉसला कवचावर चिकटवून धरते. सॉसच्या निम्म्यापासून बरोबरीपर्यंत लोणी घ्या. सॉस मंद आचेवर कोमट करा, आच बंद करा आणि गार लोण्याचे तुकडे एकेक करून फेटत घाला. उकळलं तर लोणी फुटून वर तरंगतं. फुटलंच तर चमचाभर गार पाणी घालून जोरात फेटा, बऱ्याचदा सावरतं.

पिझ्झावर लोक टबॅस्को शिंपडतात आणि मला ते कधी पटलं नाही. टोमॅटो आधीच आंबट, त्यात व्हिनेगर. तिथं मिरची तेल किंवा मध घातलेला तिखट सॉस द्या. नुसत्या चीजचा, बिनटोमॅटोचा पिझ्झा असेल किंवा चीज सँडविच असेल तर मात्र तोच टबॅस्को बरोबर बसतो.

सूप आणि रस्सेदार नूडल्स हे जरा सांभाळून घ्यायचं प्रकरण. मराठीत ‘तिखट’ आणि ‘गरम’ हे दोन वेगळे शब्द आहेत, पण आपल्या नसांना हा फरक कळत नाही. कॅप्सेसिन ज्या टीआरपीव्ही१ नावाच्या ग्राहकाला, म्हणजे नसांवरच्या संवेदना टिपणाऱ्या प्रथिनाला, जाऊन चिकटतं, तोच ग्राहक साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वरच्या उष्णतेनंही जागा होतो. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनं १९९७ मध्ये तो शोधला आणि २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना आर्डेम पाटापूटियन यांच्यासोबत मिळालं. याचा अर्थ वाफाळत्या सूपमध्ये तेच चार थेंब कितीतरी जास्त झोंबणार. खात्री करायची तर एकच सूप दोन वाट्यांत घ्या, दोन्हींत सारखे थेंब टाका, एक गरम आणि एक कोमट खाऊन बघा. म्हणून सूपमध्ये सॉस आधी अर्धाच घाला. नितळ सूप असेल तर दाट सॉस ढवळून ते गढूळ करू नका, मिरची तेलाचे लाल थेंब वर तरंगू द्या. जाड नूडल्सना गोचुजांग किंवा श्रीराचा चालतो, तिथं गोडी खपून जाते.

मासे दोन तऱ्हांचे. पांढऱ्या, नाजूक माशाला हिरवा सॉस किंवा पातळ सॉसचे मोजके थेंब, एवढंच. लसूणवाला दाट सॉस घातलात तर मासा कुठला होता हेसुद्धा कळणार नाही. भाजलेली कोळंबी मात्र स्वतःच गोडसर असते, तिला हाबानेरो आणि आंबा यांचा सॉस शोभतो. निखाऱ्यावरच्या मांसाला हरिसा किंवा पेरी-पेरी. दोन्हींत धूर पेलायची ताकद आहे.

भात, बटाटा, राजमा, चवळी यांना मुळात चव कमी. तिथं मीठ, आंबट आणि मुरलेपणा तिन्ही लागतात, म्हणून आंबवलेल्या मिरचीचे सॉस घ्या. हे पदार्थ तिखट शोषून घेतात, हात थोडा सैल सोडलात तरी चालेल.

गोडाचं सांगून बघतो, हसू नका. पिकलेल्या आंब्यावर किंवा अननसावर मीठ आणि हाबानेरोचे दोन थेंब. व्हॅनिला आइस्क्रीमवर कुरकुरीत मिरची तेल चमचाभर, फक्त त्यात लसूण आणि कांदा नसेल तर. आइस्क्रीमच्या गारव्यात आणि दुधात तिखट हळूहळू उमलतं, झोंबत नाही.

केव्हा घालायचं

व्हिनेगरी सॉस पानात वाढल्यावर. साखरवाले सॉस भाजण्याच्या शेवटच्या दोन-तीन मिनिटांत, आधी लावले तर काळे पडून कडू होतात. गोचुजांग आणि हरिसा मात्र सुरुवातीला तेलात मिनिटभर परतून घ्या, कच्चेपणा जातो. दूध-सायीच्या सॉसमध्ये आंबट हॉट सॉस घालायचा असेल तर आच बंद करून, थेंब थेंब, नाहीतर फुटतं. बुडवून खायला काही हवं असेल तर तीन चमचे मेयोनेझला एक चमचा सॉस. दही वापरत असाल तर सॉस आणखी कमी, कारण दह्याचा आंबटपणा आधीच हजर असतो.

जास्त झालं तर

पाण्यानं उपयोग होत नाही, कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. दूध प्या. त्यातलं केसीन प्रथिन कॅप्सेसिनला धरून जिभेवरून उचलतं. दूध नसेल तर दही, तेही नसेल तर साखरेची चिमूट किंवा भाताचा घास. पदार्थच तिखट झाला असेल तर लोणी, साय, नारळाचं दूध किंवा बटाटा घाला. लिंबू पिळू नका, आंबटानं चरचर वाढते. हाताला लागलं असेल तर आधी तेल चोळून मग साबण लावा, आणि डोळ्यांना हात लावण्याआधी दोनदा विचार करा. काँटॅक्ट लेन्स घालणाऱ्यांनी तीनदा.

ठेवायचं कसं

पातळ व्हिनेगरी बाटल्या कपाटात सुखानं राहतात. काळसर झाल्या तर उजेडाचा आणि हवेचा परिणाम, चव थोडी बसते पण सॉस खराब झालेला नसतो. फळांचे आणि कमी आंबट सॉस उघडल्यावर फ्रिजमध्ये. तेलाच्या बरणीत ओला चमचा कधीच नको. घरी ताजा लसूण घालून मिरची तेल केलंत तर ते फ्रिजमध्येच ठेवा आणि चार दिवसांत संपवा. तेलाखाली हवा नसते, आंबटही नसतं, आणि बोट्युलिझमच्या जंतूंना नेमकं तेच हवं असतं. त्यांचं विष वासाला किंवा चवीला कळत नाही. टोपण फुगलं, बुरशी दिसली किंवा पातळ सॉस उघडताना फसफसला, तर न चाखता फेका.

बाटली संपत आली की तळाशी गर अडकून राहतो. त्यात दोन चमचे व्हिनेगर, चिमूटभर साखर आणि थोडं तेल घालून टोपण घट्ट लावून हलवा, आणि चिरलेल्या काकडीवर ओता.